तोंडी टक्केवारी: दहावा भाग, शंभरावा भाग आणि पावकी

प्रश्न असा आहे: ५०, २५, १० टक्के मनात निघतात, पण १८ टक्के जीएसटी, १२ टक्के पीएफ, ३७ टक्के सूट किंवा ‘८० पैकी ६३ म्हणजे किती टक्के’ असं काही आलं की मोबाइल काढावा लागतो. यावर एखादी सोपी आणि कायम वापरता येईल अशी पद्धत आहे का?

आहे. ‘संख्या गुणिले दर भागिले शंभर’ हे शाळेतलं सूत्र कागदावर ठीक आहे. डोक्यात मात्र आधी गुणायला गेलं की अवजड संख्या तयार होते आणि ती धरून ठेवता ठेवता हातचा निसटतो. म्हणून क्रम उलटा करा: आधी भागा, मग जोडा. कुठल्याही संख्येचा दहावा आणि शंभरावा भाग काढायला गणित लागतच नाही, नुसतं दशांशचिन्ह सरकवायचं. बाकीचे सगळे टक्के या दोन तुकड्यांतून, त्यांची निम्मी-दुप्पट करून जुळतात.

२,३५० घ्या. १० टक्के म्हणजे २३५. १ टक्का २३.५०. ५ टक्के हे दहाचे निम्मे, ११७.५०. २० टक्के ही दहाची दुप्पट, ४७०. एवढं हाताशी असलं की १५ टक्के म्हणजे २३५ अधिक ११७.५०, म्हणजे ३५२.५०. १२ टक्के म्हणजे २३५ अधिक ४७ (दोन टक्के), म्हणजे २८२.

१८ टक्के काढताना बरेच जण १० + ५ + ३ असे तुकडे पाडतात. चुकत नाही, पण तीन आकडे लक्षात ठेवावे लागतात. त्यापेक्षा २० टक्के काढा आणि त्यातून त्याचाच दहावा भाग वजा करा: ४७० वजा ४७, उत्तर ४२३. बिलावर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) ९-९ टक्के वेगळे छापलेले असतील तर २३५ मधून २३.५० वजा, म्हणजे प्रत्येकी २११.५०. दोन्हींची बेरीज पुन्हा ४२३. पडताळाही होऊन गेला.

‘त्याचाच दहावा भाग’ ही युक्ती फार ठिकाणी चालते. २७ टक्के हवेत तर ३० टक्के काढून त्याचा दहावा भाग कमी करा. ४५ हवेत तर निम्म्यातून निम्म्याचा दहावा भाग काढा. ५५ हवेत तर तोच मिळवा. २२ आणि ३३ साठीही तेच. केंद्र सरकारी नोकरांचा महागाई भत्ता जानेवारी २०२५ पासून ५५ टक्के होता. मूळ वेतन ३५,४०० असेल तर निम्मे १७,७००, त्यात १,७७० मिळवले की १९,४७०. जुलै २०२५ पासून दर ५८ झाला. मग ३ टक्के वाढवा: १ टक्का ३५४, तिप्पट १,०६२, एकूण २०,५३२. दुसऱ्या वाटेने ६० टक्के म्हणजे २१,२४०, त्यातून २ टक्के म्हणजे ७०८ गेले, २०,५३२ च उरले. उत्तर महत्त्वाचं असेल तेव्हा असं दोन वाटांनी जाऊन बघावं. तीच बेरीज पुन्हा केली की बहुतेक वेळा तीच चूकही पुन्हा होते.

कागदावर आपण एकं स्थानापासून सुरुवात करतो, तोंडी हिशेबात डावीकडून, म्हणजे मोठ्या तुकड्यापासून करायची. मध्येच कुणी हाक मारली आणि हिशेब तुटला, तरी अंदाज हातात राहतो. ३७ टक्के सूट आणि किंमत ८३० असेल तर आधी ४० टक्के म्हणजे ३३२, मग ३ टक्के म्हणजे २४.९० कमी, उत्तर ३०७.१०. पहिल्याच पायरीला ‘सव्वातीनशेच्या आतबाहेर’ एवढं कळलेलं असतं, आणि दुकानात पुष्कळदा तेवढंच लागतं.

संख्या गोल आकड्याच्या जवळ असेल तर आधी संख्याच गोल करा. ३९८ चे १७ टक्के म्हणजे ४०० चे १७ टक्के (६८) वजा २ चे १७ टक्के (०.३४), म्हणजे ६७.६६. इथे गोंधळ होतो तो दुरुस्तीत. संख्येत २ वाढवले म्हणून उत्तरातूनही थेट २ वजा केले जातात. वजा करायचे ते त्या २ चे १७ टक्के.

लाख-कोटींत शून्य का चुकतात

टक्केवारीतल्या सगळ्यात महाग चुका शून्याच्या असतात. ४५,००,००० चे ७ टक्के काढताना सातही आकडे डोक्यात आणायचे नाहीत. तीन जोड्या पक्क्या करा: हजाराचा टक्का दहा, लाखाचा टक्का हजार, कोटीचा टक्का लाख. मग ४५ लाखांचा १ टक्का ४५ हजार, ७ टक्के ३ लाख १५ हजार. साडेचार लाखांचे ७ टक्के म्हणजे साडेचार गुणिले सात, साडेएकतीस, आणि एकक हजार. शून्यं मोजायचीच नाहीत, फक्त एकक बदलायचं.

मुंबईत घर घेताना मुद्रांक शुल्क ६ टक्के लागतं, घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्क्याची सवलत मिळते. ६२ लाखांच्या घरावर ६ टक्के म्हणजे ६२ हजार गुणिले ६, ३ लाख ७२ हजार. सवलतीने ३ लाख १० हजार. नोंदणी शुल्क १ टक्का, म्हणजे ६२ हजार म्हणायचा मोह होतो. पण त्याला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. हिशेब बरोबर आणि रक्कम चूक, असं इथे होतं. दरासोबत ‘कमाल’, ‘किमान’ किंवा ‘अमुक रकमेच्या वर’ असे शब्द आहेत का, हे टक्का काढण्याआधी बघावं.

एकपेक्षा लहान दरांचं वेगळं दुखणं आहे. ०.२५ टक्के दिसलं की घाईत २५ टक्के किंवा अडीच टक्के वाचलं जातं. त्याला मनात ‘पाव टक्का’च म्हणा. ४० लाखांच्या कर्जावर पाव टक्का प्रोसेसिंग फी म्हणजे १ टक्का ४० हजार, त्याचा पाव १० हजार. ६.७५ टक्के व्याजाची ठेव असेल तर ‘सातात पाव कमी’: अडीच लाखांचा १ टक्का २,५००, सात टक्के १७,५००, पाव टक्का ६२५ गेला, वर्षाला १६,८७५.

संख्या आणि दर यांची अदलाबदल

अ चे ब टक्के आणि ब चे अ टक्के यांत काही फरक नसतो. दोन्हीकडे अ गुणिले ब भागिले १०० हेच होतं. त्यामुळे ५० चे १८ टक्के अवघड वाटले तर १८ चे ५० टक्के करा: ९. २५ चे ६८ टक्के म्हणजे ६८ चे २५ टक्के, १७. ७५ चे ४ टक्के म्हणजे ४ चे पाऊण, ३. शून्यही इकडून तिकडे नेता येतो. २५० चे ३६ टक्के म्हणजे ३६० चे २५ टक्के, ९०.

ही युक्ती ऐकायला झकास आहे, पण तिचा उपयोग दोनांपैकी एक आकडा २०, २५, ५०, ७५ असा किंवा त्यांच्या दसपटीत असतो तेव्हाच होतो. ८३ चे ३७ टक्के उलटून ३७ चे ८३ टक्के केले तर पदरात काहीच पडत नाही. तिथे तुकडेच पाडावेत.

पावकीचा खरा उपयोग

जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. हे सारे टक्केवारीचेच पाढे आहेत असं म्हटलं तरी चालेल. पावकी म्हणजे २५ टक्के, पाऊणकी ७५, सवायकी १२५, दिडकी १५०, औटकी (साडेतीनपट) ३५०. पाढे येत नसतील तरी अडत नाही, मात्र ही नजर हवी. २५ टक्के वाढ म्हणजे सव्वापट. ६४० चे २५ टक्के काढून पुन्हा ६४० त ते मिळवा, असा दोन टप्प्यांचा विचार न करता थेट ‘६४० ची सवाई ८००’ म्हणता यावं.

या अपूर्णांकांच्या जोडीला आणखी थोडेच पाठ लागतात. १२.५ टक्के म्हणजे आठवा भाग, म्हणून ३७.५ म्हणजे तीन अष्टमांश आणि ६२.५ म्हणजे पाच अष्टमांश. ३३.३३ तिसरा भाग, १६.६७ सहावा, १४.२९ सातवा, ११.११ नववा, ८.३३ बारावा, ६.२५ सोळावा. शॉर्टकटच्या लांबलचक यादीच्या फंदात पडू नका. ती परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होते आणि निकालाच्या दिवशी विसरते. एवढे आठ-दहा अपूर्णांक पुरतात.

८.३३ हा आकडा नोकरदारांना सारखा भेटतो. कायद्याने ठरवलेला किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा भाग, थोडक्यात एका महिन्याचा पगार. कायद्यात वेतनाची मर्यादा आहे, ती धरून हा हिशेब. पीएफमध्येही तोच आकडा आहे. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. १५,००० च्या वेतन मर्यादेवर बारावा भाग १,२५०. बारा टक्के १,८००, त्यातून १,२५० गेले की ५५० पीएफ खात्यात. पीएफच्या पासबुकातला १,२५० हा विचित्र आकडा तिथून येतो. सीटीसीच्या (कंपनीने तुमच्यावर धरलेल्या वर्षाच्या एकूण खर्चाच्या) पत्रात ग्रॅच्युइटीपोटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेपोटी, ४.८१ टक्के धरलेले असतात, त्यांचं मूळही असंच साधं आहे. दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा धरून; म्हणजे १५ भागिले २६, आणि ते पुन्हा भागिले १२.

‘पैकी किती टक्के’

उलटा प्रश्न आला की छेदाला शंभरावर न्यायला काय करावं लागेल ते बघा. २० पैकी असेल तर पाचपट, ५० पैकी दुप्पट, ४० पैकी अडीचपट, ८० पैकी सव्वापट. ८० पैकी ६३? त्रेसष्टाचा पाव १५.७५, सवाई ७८.७५ टक्के. दहावीच्या भाषांच्या लेखी पेपरला ८० गुण असतात, तिथे हे रोज लागतं. राज्य मंडळाच्या दहावीला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने ५०० पैकी गुण धरतात. ४३७ ची दुप्पट ८७४, एक स्थान मागे, ८७.४ टक्के. बारावीला ६०० पैकी असतील तर सहाने भागा: ४८७ भागिले ६, ८१.१७. क्रिकेटमधला स्ट्राइक रेट हाही टक्काच, शंभर चेंडूंमागे धावा. ३४ चेंडूंत ५१ म्हणजे दीडपट, १५०.

छेद ७२ सारखा आडमुठा असला की दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्या चढा. ७२ पैकी ५३: दहा टक्के ७.२, सत्तर टक्के ५०.४, उरले २.६. एक टक्का ०.७२, तो २.६ मध्ये साडेतीनहून जरा जास्त वेळा बसतो. म्हणजे साधारण ७३.६. दुसऱ्या दशांश स्थळाची गरज असेल तर मोबाइल काढावा, त्यात कमीपणा नाही.

हजेरीचा हिशेब पुष्कळांचा चुकतो. कॉलेजला ७५ टक्के हजेरी हवी, ४४ तास झाले आणि तुम्ही ३० ला बसलात, म्हणजे ६८ टक्के. आता सलग किती तास बसावं लागेल? ४४ चे ७५ टक्के ३३, म्हणून ‘अजून तीन’ असं उत्तर सर्रास दिलं जातं. ते चूक आहे, कारण तुम्ही बसाल तसतसे एकूण तासही वाढत जातात. न बदलणारी गोष्ट पकडा, ती म्हणजे गैरहजेरी. १४ तास बुडाले, ते आता बदलत नाहीत. ते एकूण तासांच्या पावाएवढे व्हायला हवेत. चौदाची चौपट ५६. आज ४४ झालेत, म्हणून आणखी १२ तास न चुकवता. पडताळा: ५६ पैकी ४२, बरोबर पाऊण.

कर धरून असलेली किंमत

‘किंमत २,३६०, करासह’ असं लिहिलेलं असतं तेव्हा कर किती? २,३६० चे १८ टक्के काढले तर ४२४.८० येतात आणि ते चूक असतं. १८ टक्के लावले होते ते मूळ किमतीवर, आणि ती आपल्यासमोर नाही. समोर आहे ती ११८ भागांची किंमत, कर त्यातले १८ भाग. १८ भागिले ११८ म्हणजे जवळजवळ १५.२५ टक्के. म्हणून करासहच्या किमतीतून सव्वापंधरा टक्के काढा: १० टक्के २३६, ५ टक्के ११८, पाव टक्का ५.९०, एकूण ३५९.९०. अचूक उत्तर ३६०. हजारामागे सव्वाचार पैशांची तफावत येते, तोंडी हिशेबाला एवढं चालतं. बिल बनवताना मात्र १.१८ ने भागूनच लिहा.

५ टक्क्यांना हेच आणखी सोपं आहे. १०५ भागांतले ५, म्हणजे एकविसावा भाग. हॉटेलचं बिल करासह १,२६० झालं तर कर ६०, त्यात अडीच-अडीच टक्क्यांचे दोन तुकडे तीस-तीस रुपयांचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ चे टप्पे जाऊन ५ आणि १८ हे दोन मुख्य दर राहिले, वर मोजक्या वस्तूंसाठी ४०. त्यामुळे ‘सव्वापंधरा टक्के’ आणि ‘एकविसावा भाग’ या दोन गोष्टींवर बहुतेक बिलं निभावतात. सोन्याच्या दागिन्यांचे ३ टक्के तेवढे वेगळे.

दागिन्याचा हिशेब पूर्ण करून बघू. उदाहरणापुरतं सोनं ८४,००० चं आणि घडणावळ १२ टक्के. दहा टक्के ८,४००, दोन टक्के १,६८०, घडणावळ १०,०८०, बेरीज ९४,०८०. आता ३ टक्के जीएसटी या बेरजेवर लागतो, नुसत्या सोन्यावर नाही: १ टक्का ९४०.८०, तिप्पट २,८२२.४०. एकूण ९६,९०२.४०. ‘१२ आणि ३, पंधरा टक्के’ असं धरून गेलात तर ९६,६०० येतील आणि पेढीवर ३०२ रुपये कुठून वाढले याचा वाद होईल. ते कुठून आले तर १०,०८० च्या घडणावळीवरचे ३ टक्के.

यातून नियम असा निघतो: टक्क्यावर टक्का लागला की दोघांची बेरीज करा, आणि दोघांचा गुणाकार भागिले शंभर तिच्यात मिळवा. १२ आणि ३ ची बेरीज १५, गुणाकार ३६, म्हणून १५.३६. दोन्ही सवलती असतील तर तोच तुकडा वजा करा. ‘५० टक्के अधिक आणखी २० टक्के’ या पाटीखाली सूट ७० नसते: ७० वजा १० म्हणजे ६०. तीस आणि दहा असेल तर ३७. आधी कुठली सूट लावली याने काही फरक पडत नाही, त्यामुळे त्यावरून काउंटरवर अडू नका. एक वाढ आणि एक घट असेल तर गुणाकाराचा तुकडा वजा होतो. दहा टक्के वाढवून दहा टक्के कमी केले की ९९ उरतात.

चढताना चौथा भाग, उतरताना पाचवा

शेअर २० टक्के पडला की तो २० टक्के चढून मूळ जागी येत नाही, २५ टक्के चढावा लागतो. सूत्र पाठ करण्यापेक्षा भाग मोजा. पाच भागांपैकी एक गेला, चार उरले. गेलेला एक परत आणायचा तो आता चारांच्या हिशेबाने, म्हणजे पाव. उलट बाजूने, भाव सव्वापट झाला तर चाराचे पाच भाग झाले. जुन्या भावावर यायला पाचातला एक, २० टक्के. चौथा भाग वाढ, पाचवा भाग घट. पाचवा भाग वाढ, सहावा घट. सगळीकडे छेद एकाने पुढे-मागे. ५० टक्के पडलेल्याला दुप्पट व्हावं लागतं. ४० टक्के पडलेल्याचे पाचातले दोन भाग गेले, तीन उरले. परत यायला दोन तृतीयांश, म्हणजे जवळपास ६७ टक्के.

पाकिटावर ‘२० टक्के जास्त माल, किंमत तीच’ असं छापलेलं असतं ना, ती सूट प्रत्यक्षात सहावा भाग, १६.६७ टक्के. शेजारच्या पाकिटावर सरळ २० टक्के सूट असेल तर ते घ्या. ‘तीनवर एक मोफत’ म्हणजे चारातला एक, २५ टक्के. मात्र चारही हवे असतील तरच.

दुकानदाराच्या नफ्यातही हेच लपलेलं असतं. ८० ला घेऊन १०० ला विकलं तर नफा २० रुपये. खरेदीवर तो २५ टक्के, विक्रीवर २०. पुरवठादार ‘वीस टक्के मार्जिन’ म्हणाला की ते एमआरपीवर की खरेदीवर, हे तोंडी बोलण्यातच स्पष्ट करून घ्यावं. पाच टक्क्यांचा फरक कुणी फसवलं म्हणून नव्हे, तर दोघांचे शंभर वेगवेगळे होते म्हणून पडतो.

‘३ टक्के वाढ’ यातही दोन अर्थ असतात. महागाई भत्ता ५५ वरून ५८ झाला तेव्हा दर तीनने वाढला, पण भत्त्याची रक्कम १९,४७० वरून २०,५३२, म्हणजे जवळजवळ साडेपाच टक्क्यांनी वाढली (३ भागिले ५५). फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५० वरून ६.२५ केला, ती कपात पाव टक्क्याची. कुणी तिला ‘जवळपास ४ टक्के कपात’ म्हटलं तर गणित चूक नाही, पण ऐकणाऱ्याची दिशाभूल होते. दरातला बदल सांगताना आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे सांगावेत.

व्याज

गावाकडे अजूनही ‘शेकडा दोन’ म्हणतात ते महिन्याला. बँक बोलते ते द.सा.द.शे. (दर साल दर शेकडा), वर्षाला. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के, दीड म्हणजे १८. दोन दरांची तुलना करण्याआधी दोन्ही एका मापात आणा: महिन्याच्याला १२ ने गुणा किंवा वर्षाच्याला १२ ने भागा. ३० लाखांचं गृहकर्ज ८.४ टक्क्यांनी घेतलं तर महिन्याला ०.७ टक्का. एक टक्का ३० हजार, त्याचे सात दशमांश २१ हजार. पहिल्या पूर्ण हप्त्यातला व्याजाचा आकडा याच्या आसपास हवा. पुष्कळ वेगळा दिसला तर बँकेला विचारायला जागा आहे.

क्रेडिट कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के लागत असतील तर वर्षाला साधे ४२. थकबाकीवर व्याज चढत गेलं तर तेच वर्षअखेर ५१ च्या आसपास जातं. चक्रवाढीचा अंदाज घ्यायला ७२ ला दराने भागा: ६ टक्क्यांनी १२ वर्षांत दुप्पट, ७.२ ने दहा वर्षांत. ६ ते १० टक्क्यांच्या टापूत हे छान जुळतं. दर ३०-४० वर गेला की अंदाज ढिला पडतो, तिथे वापरू नका.

आणि ‘फ्लॅट’ दर. १ लाखावर १० टक्के फ्लॅट, ३ वर्षं, म्हणजे ३० हजार व्याज आणि ३६ हप्ते साधारण ३,६११ चे. इथे मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर धरलेलं असतं. सरासरीने तुमच्या हातात लाखाचे निम्म्याहून थोडेच जास्त पैसे राहतात. म्हणून घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर १८ टक्क्यांच्या जवळ जातो. तोंडी अंदाजाला अशा दोन-तीन वर्षांच्या कर्जात फ्लॅट दराची पावणेदोनपट ते दुप्पट धरा, आणि समोरच्याला घटत्या शिलकीवरचा दर लेखी मागा.